तिनेकेमावशींच्या झाडांची उतरण

नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाममधून समुद्र दिसत नाही, पण समुद्रावरचा वारा तिथं रोज हजेरी लावतो. आधी तो कालव्याचं पाणी चुरगाळतो, मग खालच्या स्टँडमधल्या सायकली एकमेकींवर लोळवतो, आणि मग एकेक मजला चढत सहाव्या मजल्यावर येऊन पोचतो. तिथं दोन गॅलऱ्या शेजारी शेजारी आहेत. एक प्रसन्न चौगुलेची आणि दुसरी तिनेकेमावशींची. दोन्हींच्या मध्ये धुरकट काचेची एक पातळ भिंत आहे. वारा त्या भिंतीला धडक देतो तेव्हा दोन्ही घरांतली माणसं एकाच वेळी मान वर करून बघतात.

प्रसन्न मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावचा. त्याच्या लहानपणी घरामागं पानमळा होता. ज्यानं पानमळा पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही, तरी सांगतो. बाहेर चैताचं ऊन रणरणत असावं आणि शेवरीच्या दाट ओळींतून आत पाऊल टाकावं, की एकदम कुणीतरी कपाळावर ओला हात ठेवल्यासारखं होतं. वर शेवरीची जाळी, तिच्यातून गाळून आलेला उजेड, आणि प्रत्येक शेवरीला बिलगून वर निघालेली पानवेल. आत जायचं ते अनवाणी. मोठ्यानं बोलायचं नाही. वेल शेंड्याला पोचली की तिची उतरण करायची, म्हणजे तिला आधारावरून सोडवून खाली घ्यायची, तिचं वेटोळं मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा नव्यानं बांधायचा. प्रसन्नचे वडील उतरण करायला बसले की त्यांच्याशी कुणी बोलत नसे. पुढं विहिरीचं पाणी मचूळ झालं, मळा काढून तिथं द्राक्षं लावली, आणि प्रसन्न कॉमर्सची पदवी घेऊन पुण्याला गेला.

पुण्यात त्याला मृदुला भेटली. ती कॉम्प्युटरमधली, हुशार, तोंडाची फटकळ. तिला हेगच्या एका कंपनीनं बोलावलं तेव्हा प्रसन्न तिच्यामागून आला, तिच्या परमिटवर, तिचा नवरा म्हणून. गावाकडं ही गोष्ट पुष्कळ दिवस पुरली. एका लग्नात त्याच्या काकांनी भर पंगतीत विचारलं, “काय प्रसन्न, तिकडं स्वयंपाक जमतोय का?”

“जमतोय की काका. तुम्हाला अजून चहा जमत नाही असं काकू सांगत होत्या. या एकदा, शिकवतो.”

पंगत हसली, काकाही हसले. पण परतल्यावर प्रसन्न दोन दिवस गप्प होता, हे मृदुलाला ठाऊक आहे.

आधी त्यानं गोदामात पार्सलं लावली. मग भाषा थोडी जिभेवर बसली तसा म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, बाजारात, मैत्रिणींकडं पत्ते खेळायला नेणारी छोटी गाडी तो चालवू लागला. हे काम त्याला मानवलं. उतरताना तो हात पुढं करतो, पण ओढत नाही. समोरच्यानं धरेपर्यंत थांबतो. तिनेकेमावशींची ओळख या गाडीतच झाली. शेजारी राहूनही तोवर नुसता नमस्कार होता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “तू ब्रेक हळू दाबतोस. माझा योप दाबायचा तसा.”

योप म्हणजे त्यांचा नवरा. तो जाऊन काही वर्षं झाली. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, मुळ्यांसारखी. थंडी पडली की रात्री ती इतकी ठणकतात की पांघरूणही ओढता येत नाही. त्यावरचा त्यांचा उपाय गॅलरीत होता. कठड्याला लागून सिमेंटची बांधीव कुंडी, आणि तिच्यात गांज्याची तीन झाडं. शरदात तुरे काढायचे, वाळवायचे, तेलात मंद शिजवायचे, आणि ते तेल हिवाळाभर बोटांना चोळायचं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुकानातलं तेलही त्यांनी वापरून पाहिलं होतं. पण झोप लागायची ती याच तेलानं, असं त्यांचं म्हणणं. ही झाडं योपनं आणलेल्या एका झाडाची होती. बी कधी लावलं नाही. दर वर्षी फांदी खुडून खिडकीत जगवायची आणि उन्हाळ्यात बाहेर लावायची.

हे ऐकलं तेव्हा प्रसन्नला मळा आठवला. पानवेलीलाही बी लावत नाहीत. आजोबांच्या हातची वेलच तुकड्यातुकड्यांनी पुढं येत राहते.

मृदुलाला मात्र दुसरंच आठवलं. “अरे, गांजा आहे तो! गावाकडं उसात चार झाडं सापडली तर पोलीस माणसाला घेऊन जातात, तूच सांगितलंस ना?”

“इथं घरापुरती दोन-चार असली तर खटला भरत नाहीत म्हणे. फार तर उपटून नेतात.”

“त्यांना नाही भरत. तुझं परमिट माझ्यावर आहे आणि माझं कंपनीवर. तू त्या झाडांना हात लावायचा नाहीस.”

“बरं,” प्रसन्न म्हणाला. त्याच्या ‘बरं’चा अर्थ मृदुलाला लग्नापासून कळतो. तो ऐकून घेतो, इतकाच.

त्या वर्षी सप्टेंबरात मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर काही आठवडे त्यांना चालायला शिकवणाऱ्या केंद्रात राहायचं होतं. जाण्याआधी त्यांनी घराची किल्ली प्रसन्नच्या हातात दिली. “पाणी माफक घाल. फुलं धरलीत, आता दुसरं काही नको. फक्त वाऱ्याकडं बघ. कुंडी हलत नाही, त्यामुळं झाडं आत घेता येत नाहीत. मी येईपर्यंत उभी ठेव, म्हणजे हिवाळा निघेल.”

“ठेवतो,” प्रसन्न म्हणाला. हे ‘ठेवतो’ मात्र ‘बरं’सारखं नव्हतं.

झाडं जोमानं फुलली आणि त्यांचा वास काचेची भिंत ओलांडून इकडं आला. नेमका त्याच आठवड्यात मृदुलाच्या घरी भोंडला होता. फोरबर्गपासून हेगपर्यंतच्या मराठी बायका यायच्या होत्या, आणि त्यात पूर्णिमा होती. पूर्णिमाचं नाक आणि जीभ दोन्ही तेज. तिनं एखाद्या घरात काही पाहिलं की ते आठवडाभरात आइंडहोवनपर्यंत पोचतं.

“बायका गॅलरीत येणार फोटो काढायला,” मृदुला म्हणाली. “आणि त्या काचेवरून डोकावणार. मी काय सांगू? टोमॅटो?”

प्रसन्नलाही आतून लाज वाटतच होती. किती झालं तरी गावचा माणूस. गांजा म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर पोलिसांची जीपच उभी राहायची. बुधवारी संध्याकाळी त्यानं निळी ताडपत्री आणली, मावशींच्या गॅलरीत झाडांभोवती उभी केली, आणि चारही बाजूंनी दोरीनं कठड्याला अशी करकचून आवळली की आत मुंगीला वाट राहिली नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पावसाळ्याआधी कुणी गवताची गंजी झाकली आहे. वाऱ्यापासूनही बचाव आणि नजरेपासूनही, असं मनाशी म्हणत तो समाधानानं झोपला.

गुरुवारी तो कामावर असताना वारा आला. फार मोठा नव्हता. पण भोकं नसलेल्या ताडपत्रीतून वारा जाणार कुठून? ती फुगली, शिडासारखी ताणली, आणि तिनं एका बाजूची दोरी तोडली. मग मोकळं टोक सकाळभर झाडांवर आपटत राहिलं. प्रसन्न दुपारी घरी आला तेव्हा मधलं, सगळ्यांत थोराड झाड बुडापासून वीतभरावर मोडून कठड्यावर पडलं होतं. साल तेवढी धरून होती.

तो तिथंच खाली बसला. पानमळ्याभोवती वडील शेवरीच्या ओळी लावत, तेव्हा त्यांत फटी ठेवत. वारा अडवायचा नाही, त्याला चाळून आत घ्यायचा, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि आपण लाजेपोटी भिंत उभी केली.

मोडलेला भाग जुळवून त्यानं चिंधीनं बांधला. संध्याकाळपर्यंत पानं लोंबली. ते झाड गेलंच. आणि हवामानाच्या बातम्यांत शनिवारी मोठं वादळ सांगितलं होतं.

फोन करणं भाग होतं. केंद्रातल्या बाईंनी मावशींना बोलावून दिलं.

“मधलं झाड मोडलं, मावशी.” तो डच बोलतानाही ‘मावशी’च म्हणतो, आणि त्यांनाही ते आता आपलंच नाव वाटतं.

“वाऱ्यानं?”

“माझ्यामुळं. मी ताडपत्री बांधली होती.”

“ताडपत्री? सहाव्या मजल्यावर? प्रसन्न, घर आहे ते, जहाज नाही!”

“लोकांना दिसू नये म्हणून.”

“कुठल्या लोकांना?”

“आमच्या.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “योप त्याच झाडांशेजारी बसून सगळ्या इमारतीला कॉफी पाजायचा. बरं, उरलेली दोन?”

“शनिवारी मोठा वारा आहे. उभी राहिली तर टिकणार नाहीत. आमच्याकडं वेल खाली उतरवतात, तशी वाकवून कठड्याच्या आत निजवली तर वाचतील. पण ह्या वेली नव्हेत. खोड कडक झालंय. वाकवताना मोडली तर सगळंच जाईल. खिडकीतलं रोपही या वर्षी लावलेलं नाही.”

“उभी ठेवलीस तर नक्की मोडतील?”

“नक्की.”

“मग मला काय विचारतोस?” त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आला. “इथं रात्री नर्स पांघरूण घालून जाते. घरी कुणी नाही. तेवढं लक्षात ठेव आणि हळू कर.”

शुक्रवारी काम संपल्यावर प्रसन्न सायकलवर कोयता टाकून गावाबाहेरच्या कुरणांकडं गेला. तिथं चरांच्या काठी लव्हाळ्यासारखं गोल, गुळगुळीत गवत उगवतं. पानवेल लव्हाळ्यानंच बांधतात. दोरी काचते, तार कापते. भिजवलेला लव्हाळा खोडाला धरतो पण चावत नाही. तो वाकून मूठ मूठ कापत होता, तेवढ्यात कुत्रं फिरवणारा एक आजोबा थांबला.

“टोपली विणतोस काय?”

“नाही. शेजारणीची झाडं बांधायचीत. वादळ येतंय.”

“कसली झाडं?”

प्रसन्न थोडा अडखळला. “टोमॅटो.”

“सप्टेंबर संपताना? उंच गॅलरीतले असतील.” आजोबानं कुत्र्याला पुढं ओढलं. “घट्ट बांध हो. आणि शेजारणीला म्हणावं, टोमॅटो छान वाळू दे.”

प्रसन्न एकटाच हसत सुटला. ज्यासाठी एक झाड मोडून घेतलं, त्याची या मुलखात कुणालाच पडलेली नव्हती.

दोन्ही झाडांना त्यानं शुक्रवारचं पाणी दिलं नाही. तहानलेलं खोड थोडं नरम पडतं. शनिवारी सकाळी ऊन होतं, वारा दबा धरून बसल्यासारखा होता. दुपारी पानं जराशी सैल झाली तसं त्यानं लव्हाळ्याची ओली जुडी उचलली, मावशींच्या दारात बूट काढले, मोजेही काढले, आणि गार सिमेंटवर अनवाणी उभा राहिला.

मागून मृदुला आली. केसांना टॉवेल, हाताला बेसन. “हे काय? गांज्याला सोवळं?”

“सवय आहे गं. पायांत काही असलं की हात नीट चालत नाहीत.”

“सर्दी होईल ती निस्तरायला मीच आहे.” ती काही वेळ दारातच घुटमळली. बायका यायला दोन-तीन तास होते, स्वयंपाक अर्धा व्हायचा होता. तिनं मोडक्या झाडाच्या खुंटाकडं बघितलं, आणि मग आपल्या चपला काढल्या. “सांग. काय धरू?”

“तू हात लावायचा नाही म्हणालीस.”

“तू लावायचा नाहीस म्हणाले होते. स्वतःचं काही बोलले नव्हते. सांग लवकर, बेसन वाळतंय.”

“बुडाशी दोन्ही हात धर. तुझा अंगठा माझ्याकडं. मी वाकवीन तेव्हा ढकलू नकोस, अडवू पण नकोस. नुसते हात असू देत.”

प्रसन्ननं खोड चिमटीत धरलं आणि वरवर सरकत, बोटांनी थोडं थोडं चेपत त्याला कठड्याच्या कडेनं कलवायला सुरुवात केली. जरा वाकवायचं, थांबायचं. पुन्हा जरा. झाड एकदा करकरलं. दोघंही थांबली. प्रसन्ननं डोळे मिटले. खोडातून येणारा ताण त्याच्या बोटांना कळत होता, आणि तो हळूहळू कमी झाला. तेव्हा त्यानं आणखी कलवलं. असं करत करत झाड कुंडीच्या लांबीनं आडवं झालं. त्यानं लव्हाळ्याचे सैल फास टाकून जागोजागी बांधलं, आणि तुऱ्यांखाली स्वतःचे जुने स्वेटर सरकवले.

दुसऱ्या झाडाच्या वेळी मृदुला त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला आपला नवरा गाडी चालवताना, भांडी घासताना, झोपेत घोरताना माहीत होता. असा माहीत नव्हता. तोंडावर कसलीच चिंता नाही, नुसतं लक्ष. तिचे हात बधिर झाले तरी तिनं सोडलं नाही.

संध्याकाळी वादळ आलं. काही बायकांनी येत नसल्याचे मेसेज पाठवले, पण बऱ्याच जणी आल्या. पूर्णिमाची छत्री ट्रामच्या स्टॉपवरच उलटी झाली होती. दिवाणखान्यात पाटावर हत्ती काढला, बायकांनी हात धरून फेर धरला, आणि बाहेर वारा इमारतीला खांदा लावून ढकलू लागला. प्रसन्न शेजारी मावशींच्या घरात गॅलरीच्या काचेशी बसून होता. दोन झाडांत वाऱ्याला धरायला आता उंचीच उरली नव्हती. वारा कठड्यावरून उडी मारून वरच्या वर जायचा. खाली पानं थरथरायची, पण फास ढळत नव्हते. तरी दर झोताला तो उठून काचेला नाक लावायचा.

इकडं भोंडला संपून खिरापत ओळखायची वेळ झाली. बायकांनी वास घेऊन नावं सांगायची. पूर्णिमानं नाक वर केलं.

“बेसन आहे. पण त्याच्यावर हा दुसराच वास काय गं, मृदुला? असा जंगली?”

मृदुलानं ताटावरचं फडकं काढलं आणि म्हणाली, “बेसनाच्या वड्या आहेत, बरोबर. दुसरा वास शेजारच्या मावशींच्या गांज्याच्या झाडांचा आहे. त्यांच्या हातांचं औषध आहे ते. प्रसन्न त्यांना वादळातून वाचवतोय. बघायचीत?”

मग पूर्णिमाच म्हणाली, “चला की! मी आयुष्यात पाहिलेली नाहीत.”

आणि मावशींच्या अंधाऱ्या खोलीत एकाएकी पैठण्या, गजरे आणि बांगड्या गोळा झाल्या. काचेपलीकडं स्वेटरांवर निजलेली दोन झाडं बघून कुणी मोठ्यानं बोललं नाही. पूर्णिमा कुजबुजली, “अगं बाई, बाळंतिणीसारखी निजवलीत.” मग जरा वेळानं, “माझ्या आईचीही बोटं अशीच आहेत रे प्रसन्न. तिला नाशकात यातलं काहीच मिळायचं नाही.” प्रसन्ननं तिला बसायला खुर्ची दिली. बाकीच्या गेल्या तरी ती बराच वेळ वारा बघत बसली.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्या रस्त्यावर फुटल्या होत्या. प्रसन्ननं दार उघडलं. एक बारकी फांदी गेली होती, बाकी सगळं जागेवर होतं, आणि आडव्या खोडांवरचा प्रत्येक तुरा रात्रीतून मान वळवून उजेडाकडं उभा राहिला होता.

मावशी परत आल्या तेव्हा ऑक्टोबर लागला होता. चाकांचा आधार ढकलत त्या थेट गॅलरीत गेल्या. प्रसन्न मागं उभा राहिला. मधल्या खुंटाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि ते बघणं त्यानं मुकाट्यानं सोसलं. मग त्यांनी निजलेल्या झाडांवरून हात फिरवला.

“योपनं कधी अशी निजवली नव्हती,” त्या म्हणाल्या. “त्याचंही दर वर्षी एखाद-दुसरं झाड जायचं. सांगायचा नाही मला. मला वाटायचं, मांजरानं खाल्लं.”

“तेल कमी पडेल, मावशी.”

“पडेल तेव्हा बघू. आधी खिडकीसाठी फांदी खुड. तुझ्या हातानं.”

तुरे वाळले. तेलासाठी प्रसन्ननं गावाकडचं खोबरेल दिलं. दोन्ही घरांत मंद, गोडसर, रानटी वास भरून राहिला. पहिल्या थंडीच्या दिवशी मृदुला वाटी घेऊन शेजारी गेली, म्हणाली, “आज मी चोळते.” मावशींचा उजवा हात मांडीवर घेऊन ती एकेक पेर चोळू लागली. स्वतःच्या आजीला चोळायची तशी, मनगटाकडून टोकाकडं. मावशी योपची गोष्ट सांगत होत्या. मध्येच त्यांचं वाक्य तुटलं. मृदुलानं वर पाहिलं. त्यांना गाढ झोप लागली होती. मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, आणि वाकडी बोटं मृदुलाच्या मुठीत सैल पडली होती.

टेबलावर मृदुलाचा फोन थरथरू लागला. प्रसन्ननं तो झटकन उचलला.

“ऑफिसची मीटिंग आहे,” तो ओठांनीच म्हणाला.

“दहा मिनिटं उशीर होईल म्हणून लिही.”

“कारण काय लिहू?”

मृदुलानं हात न हलवता मावशींकडं पाहिलं. “काहीही लिही. मी उठणार नाही.”